विझर्ड्रीचं डंजन ग्राफच्या वहीवर : कामाच्या नोंदी

काम असं : सर-टेक कंपनीने १९८१ साली ॲपल टू या संगणकासाठी काढलेला 'विझर्ड्री' हा गेम खेळायचा आणि त्यातलं किल्ल्याखालचं अख्खं डंजन, म्हणजे भुयार, हाताने कागदावर उतरवायचं. अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड या दोघांनी तो पास्कल या प्रोग्रामिंग भाषेत लिहिला. दहा मजले आहेत, प्रत्येक मजला २० बाय २० घरांचा. गेममध्ये नकाशा नावाची चीज नाही. तयार नकाशे हवे तेवढे मिळतात, ते बघायचे नाहीत एवढाच नियम. कुणाला हेच करून बघायचं असेल तर निदान माझ्याइतका वेळ वाया जाऊ नये, म्हणून या नोंदी.

२०२४ मध्ये डिजिटल इक्लिप्सने याची नवी आवृत्ती काढली. ती देखणी आहे आणि नवख्याला खेळायला सोपी. मला मात्र रेघांच्या भिंतीच हव्या होत्या.

१९ एप्रिल २०२५ : सामान

१९९८ साली विझर्ड्रीचे पहिले सात भाग एका संग्रहात निघाले होते. त्याची सेकंडहँड सीडी दीड हजाराला घेतली. लॅपटॉपला सीडीची खाचच नाही हे पार्सल फोडल्यावर लक्षात आलं. बाहेरून जोडायचा ड्राइव्ह, आणखी तेराशे. गेम डॉसबॉक्समध्ये, म्हणजे जुने डॉसचे गेम आजच्या संगणकावर चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, चालतो.

पहिली अडचण : लढाईतले संदेश वाचायच्या आत पळतात. डॉसबॉक्सचा वेग कमी करत बसलो, तर भिंती रांगत रांगत उमटायला लागल्या. खरा उपाय गेममध्येच आहे. भुयारात असताना 'टी' दाबा, संदेश किती वेळ थांबवायचा तो आकडा विचारतो. एवढ्यासाठी संध्याकाळ गेली.

२० एप्रिल : पार्टी

पार्टी म्हणजे आपली टोळी, सहा जण. पुढे तीन लढवय्ये, मागे पुजारी, चोर आणि जादूगार. नावं भाच्याने ठेवली : राणोजी, म्हाद्या, खंडू, गुरव, बंडू, वेताळ. सुट्टीला आलाय, नववीत गेलाय, ग्राफ त्याला शाळेत नुकतेच शिकवलेत. नकाशाचं खातं त्याच्याकडे.

पात्र बनवताना गेम काही जादा गुण वाटायला देतो, बहुतेक वेळा पाच ते दहा. क्वचित पंधराच्या वर मिळतात. त्यासाठी तासभर पात्रं बनवून पुसत बसणारे लोक आहेत. मी सात-आठवर समाधान मानलं. पैशाचा जुना डाव मात्र जरूर खेळा : चार फालतू पात्रं बनवा, त्यांच्या खिशातलं सोनं एकाकडे गोळा करा आणि त्यांना काढून टाका. पहिल्या चिलखतांची सोय होते.

आणखी एक. खानावळीत तबेल्यात झोपायला पैसे पडत नाहीत. तब्येत सुधारत नाही, पण मंत्र भरून येतात. तबेल्यात झोपा, गुरवाचे डिओस, म्हणजे जखम भरायचे मंत्र, जखमींवर वापरा, पुन्हा तबेल्यात झोपा. फुकट दवाखाना.

२२ एप्रिल : पहिला मजला, वही

शाळेची ग्राफची वही आणली, चाळीस रुपये. एका घराला एक सेंटिमीटर धरला. आलेखाची रुंदी १८ सेंटिमीटर आणि मजला २० घरांचा, तेव्हा शेवटची दोन घरं समासात. मग आठ मिलिमीटरचं घर करून पाहिलं, तर छापलेल्या ठळक रेघा आमच्या भिंतींशी भांडायला लागल्या. शेवटी पाच मिलिमीटर ठरलं. मजला बरोबर १० बाय १० सेंटिमीटरमध्ये बसतो, दर दुसरी रेघ ठळक येते आणि उरलेल्या पानावर टिपणं लिहायला जागा राहते.

दोन गोष्टी आधीच ठरवून घ्या. इथे भिंतीला जाडी नाही. दोन घरांच्या मधली रेघ म्हणजे भिंत, त्यामुळे घर काळं करून भिंत दाखवायची सवय असेल तर ती सोडा. दुसरं, जिना नैर्ऋत्य कोपऱ्यात आहे : पूर्व ०, उत्तर ०. आम्ही पानाच्या मधोमध सुरुवात केली होती आणि पश्चिमेला दहा घरं मोकळी ठेवली होती. ते पान फाडलं.

स्क्रीनवर दिसतं ते एवढंच : डावीकडे वर छोट्या चौकटीत चार-सहा रेघा, खाली नावं. मी चालवतो आणि ओरडतो, भाचा काढतो.

"एक पुढे. डावीकडे भिंत, उजवीकडे दार."

"मामा, तुझं डावं की नकाशाचं डावं?"

या एका प्रश्नापायी पहिला अर्धा मजला आरशातला निघाला. आता मी फक्त दिशा सांगतो : पूर्वेला दार, उत्तरेला भिंत. एकटे काढणार असाल तर वही फिरवू नका. उत्तर कायम वर.

दारं लाथ मारून उघडायची असतात, बटणच त्याचं आहे. दारामागे खोली असेल तर बहुतेक वेळा आत कुणीतरी असतं. आधी नुसतं 'लहान माणसासारखं काही' असं दिसतं, लढाईत कधीतरी ओळख पटते की हे कोबोल्ड, म्हणजे बुटके राक्षस. पहिल्या पातळीच्या वेताळाकडे एका खेपेला दोनच मंत्र. दोन्ही काटिनोवर, म्हणजे झोपेच्या मंत्रावर, खर्चायचे आणि घरी यायचं. त्यामुळे सुरुवातीला नकाशा खेपेला पाच-सात घरांनी वाढतो. कंटाळवाणं वाटेल, पण तेवढी घरं पाठ होतात.

२६ एप्रिल : पहिला मजला, उरलेला भाग

प्रकाश लावल्याशिवाय भिंती मोजू नका. गुरवाचा मिल्वा लावला की लांबचं दिसतंच, शिवाय चोरदारंही दिसतात. प्रकाश न लावता काढलेली पश्चिम बाजू पुन्हा चालावी लागली.

एका जागी झगा घातलेला म्हातारा भेटतो, 'मापिरो महामा दिरोमत' म्हणतो आणि सगळ्यांना थेट किल्ल्यात फेकतो. भाच्याला हे इतकं आवडलं की घराच्या जिन्यात कुणी आडवं आलं की आता हेच म्हणतो. नकाशावर त्या घरात 'बाबा' लिहिलंय. दमलेल्या पार्टीला घरी जायची ती फुकट एसटी आहे.

दुसऱ्या खोलीत सोनेरी पुतळा. तो शोधायला गेलं की मर्फीचं भूत येतं. त्याला लागत काही नाही आणि तोही फार मारत नाही, पण अनुभवाचे गुण रग्गड देतो. पुन्हा पुन्हा शोधलं की पुन्हा पुन्हा येतो. खालच्या मजल्यांची तयारी इथेच करतात.

अंधाराचा पट्टाही याच मजल्यावर आहे. तिथे प्रकाश विझतो आणि काहीच दिसत नाही. भिंतीवर आपटत आपटत, 'आउच' मोजत नकाशा काढायचा. ती घरं पेन्सिलीने करडी केली. आत लिफ्ट सापडली, ए ते डी अशी बटणं. पहिल्यापासून चौथ्यापर्यंत नेते. लगेच चौथ्यावर जाऊ नका, तिथे कुणी हसत नाही.

३ मे : दुसरा मजला

इथे किल्ल्या आणि मूर्ती आहेत. ही वस्तू असेल तरच तो दरवाजा, असा प्रकार. कुठली कशाला लागते ते लिहीत नाही, शोधण्यात मजा आहे. फक्त एक सांगतो : हातातली वस्तू टाकून देऊ नका. टाकलेली वस्तू कायमची जाते.

आजचा धडा विषाचा. पेटीत गॅसबॉम्ब होता, बंडूने तो विषाची सुई समजून हाताळला. चौघांना विष. विष प्रत्येक पावलाला ताकद खातं आणि ते उतरवणारा लाटुमोफिस गुरवाला अजून आलेला नाही. जिन्यापर्यंतची वाट वहीत मोजली : ३१ पावलं. खंडूकडे तेवढी ताकद नव्हती. भाच्याने नकाशावर बोट ठेवून एक चोरदार दाखवलं, जे आम्ही कधी उघडलंच नव्हतं, नुसतं काढून ठेवलं होतं. त्यातून २२ पावलं. खंडू एका गुणावर किल्ल्यात पोचला.

चारशे घरांचा मजला म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलं. कागदावर तो पोस्टकार्डाएवढा. पण त्याची लांबी ठरते ती परतीच्या वाटेने, आणि ती वाट चालायला खिशात काय उरलंय त्याने. भाच्याच्या फोनवरच्या गेममध्ये डोंगर ओलांडून जाता येतं आणि बोट लावलं की क्षणात परतही येता येतं. डोंगर खरोखर सुंदर आहेत, मी नाकारत नाही. १९९६च्या डॅगरफॉल या गेमची भुयारं तर याच्या कितीतरी पट मोठी. पण ती ठरावीक तुकडे जोडून केलेली आहेत, आणि चार भुयारं फिरलात की तोच जिना, तीच खोली पुन्हा समोर येते. विझर्ड्रीत एकेक भिंत कुणीतरी मुद्दाम तिथे ठेवली आहे, आणि बऱ्याचदा तुमचा घात करायलाच.

९ मे : तिसरा मजला, भोवरे

मुद्दाम ठेवण्याचा कळस इथे आहे. चौकात पाऊल टाकलं की तोंड भलत्याच दिशेला होतं. आवाज नाही, संदेश नाही. चारही फाटे सारखे, त्यामुळे फिरवलंय हे कळतच नाही. उत्तरेला जातोय म्हणून भाचा रेघ ओढत होता आणि आम्ही पश्चिमेला चाललो होतो. शिवाय खड्डे आहेतच.

आधीचं पान रद्द. आता पद्धत अशी :

चौकात शिरल्यावर एक पाऊल पुढे जायचं आणि वेताळाचा ड्युमापिक टाकायचा. तोंड कुठे आहे आणि किल्ल्याच्या जिन्यापासून किती घरं पूर्वेला, किती उत्तरेला, किती मजले खाली, हे तो सांगतो. पहिल्या दर्जाचा मंत्र आहे, पण काटिनोही त्याच खात्यातून जातो. म्हणजे एकदा 'मी कुठे आहे' विचारलं की एक लढाई झोपेविना लढायची. हा हिशेब या मजल्याचा जीव आहे.

स्वस्त उपायही आहे. पुजारी लोमिल्वा शिकला की प्रकाश खेपभर टिकतो आणि लांबचं दार दिसतं. चौकाच्या एकाच फाट्याला दार असेल तर ते दार म्हणजे होकायंत्र, मंत्र वाचतो.

खालच्या काही मजल्यांना कडा नाही. उत्तरेचं १९वं घर ओलांडलं की तुम्ही ०वर. ड्युमापिकचा आकडा एकदम घसरला तर मंत्र बिघडलाय असं समजू नका, पानाच्या दोन्ही कडांना बाण करा. आम्ही याला चोरटा टेलिपोर्ट, म्हणजे न कळत दुसरीकडे फेकणारं घर, समजून बराच वेळ त्याचं दुसरं टोक शोधत होतो.

११ मे : सगळे गेले

तिसऱ्या मजल्यावर, पूर्व-ईशान्येच्या मार्गिकेत, झगेवाली माणसं भेटली. त्यांनी आमच्याआधी काटिनो टाकला. पाच जण झोपले, जागा राहिला तो बंडू. पुढचं लिहायला नको.

गेम लगेच डिस्कवर लिहितो, मागे जाता येत नाही. त्या काळी लोक पार्टी मरताना दिसली की फ्लॉपी ड्राइव्हचं दार उघडायचे, म्हणजे गेमला ते लिहिताच येऊ नये. भाचा म्हणाला, "मामा, फाइल कॉपी करून ठेवली असती तर?" ठेवली नव्हती. आणि खरं सांगायचं तर ठेवली असती, तर पुढचे चार दिवस झाले नसते.

१२ ते १५ मे : मढी आणायला

हे नीट लिहितो, कारण या गेममधला सगळ्यात चांगला भाग मला हाच वाटला.

मेलेली पार्टी भुयारातच पडून राहते. दुसरी पार्टी करून, त्या जागी जाऊन, 'आय' दाबून शोधायचं आणि प्रेतं उचलायची. पार्टीत जागा सहाच. म्हणजे वाचवायला सहा जण गेले तर एकही प्रेत आणता येत नाही. चौघे गेले तर खेपेला दोन. तिघे गेले तर तीन, पण तिघे तिथवर पोचणार कसे?

चौघे ठरवले : दोन लढवय्ये, पुजारी, जादूगार. पैसा नाही, कारण पैसा मेलेल्यांच्या खिशात. पुन्हा फालतू पात्रांचं सोनं गोळा केलं. मर्फीच्या भुताला पुन्हा साकडं. तीन दिवस संध्याकाळचे त्यातच गेले आणि तरीही हे चौघे तिसऱ्या मजल्याच्या लायकीचे नव्हतेच.

त्यांच्याकडे जुन्या पार्टीकडे नसलेली एकच गोष्ट होती, वही. भाच्याने तिन्ही मजल्यांवर लाल पेन्सिलीने वाट आखली. नियम एकच, शक्यतो दार लाथाडायचं नाही. खोलीत शिरलं की लढाई येण्याची शक्यता जास्त, मार्गिकेत कमी. त्यामुळे वाट लांबली, वळणं वाढली, पण दारं कमी झाली. दुसऱ्या मजल्यावर एका ठिकाणी आम्ही दार दाखवलं होतं ते एकतर्फी निघालं : त्या बाजूने दार, या बाजूने सपाट भिंत. तिथून मागे फिरून वळसा. तेव्हापासून एकतर्फी दाराला जाण्याच्या दिशेने त्रिकोण काढतो आणि प्रत्येक दार दोन्ही बाजूंनी तपासल्यावरच त्यावर टिंब देतो. टिंब नसलेल्या दारावर विश्वास नाही.

भोवऱ्यांचे चौक नकाशावर होतेच, कुठल्या चौकानंतर ड्युमापिक लागेल तेही. एकही मंत्र वाया गेला नाही. ठरलेल्या घरी पोचलो, 'आय' दाबला, नावं आली. वेताळ आणि गुरव आधी उचलले. लढवय्ये नवे बनवता येतात, शिकलेले मंत्र तसे पटकन येत नाहीत. परतताना एक लढाई टाळता आली नाही, ती पळून सोडवली.

कांतच्या देवळात जिवंत करायचे पैसे पातळीप्रमाणे लागतात. पैसे भरूनही विधी फसू शकतो. फसला की राख, राखेवरचा विधी फसला की माणूस कायमचा गेला. गुरव उठला. वेताळ उठला. पुढच्या खेपांत राणोजी आणि म्हाद्या उठले. बंडूची राख झाली, उरलेलं सगळं सोनं मोजून पुन्हा विधी केला, आणि त्याचं नाव यादीतून गेलं. भाचा त्या दिवशी वहीला हात न लावता क्रिकेट खेळायला गेला.

खंडूला आणायला पैसेच उरले नव्हते. तो आठवडाभर खालीच होता, नकाशावर फुलीसकट. नंतर आणला.

२४ मे : चौथा मजला

नवी चोर आहे चिंगी. पेट्यांना हात लावण्याआधी गुरवाचा काल्फो, म्हणजे सापळा ओळखायचा मंत्र, टाकतो. टेलिपोर्टरचा सापळा एकदा तरीही फुटला आणि पार्टी त्याच मजल्यावर भलतीकडे. ड्युमापिक, आकडा, पानावर सुटं घर आणि तिथून बाहेरच्या दिशेने काढत आणणं. अशी सुटी बेटं नंतर मुख्य नकाशाला जोडली जातात तेव्हा होणारा आनंद मोजता येत नाही. दोन घरांचा फरक आला तर मात्र डोकं धरायची पाळी.

इथे एक मोठी राखीव लढाई आहे. तयारीशिवाय दार उघडू नका, टेबलावर चहा ठेवूनही नका. जिंकल्यावर एक घातक अंगठी मिळते. ती बाळगणाऱ्याची ताकद पावलागणिक गळते, तेव्हा न बाळगता बोल्टॅकच्या दुकानात विका, भरपूर पैसे येतात. त्यापुढे निळी रिबीन, आणि रिबीन असेल तर दुसरी लिफ्ट : चौथ्यापासून थेट नवव्यापर्यंत.

१ जून : पाचवा मजला, की नववा?

गेम संपवायला पाच ते आठ हे मजले लागतच नाहीत. लिफ्टने नववा, तिथून घसरगुंडीने दहावा, दहाव्यावर पहाऱ्याच्या खोल्यांमागून खोल्या आणि शेवटी वर्डना या दुष्ट जादूगाराच्या, म्हणजे शेवटच्या शत्रूच्या, दारावर कचेरीची पाटी, वेळ सकाळी ९ ते दुपारी ३. म्हणजे जेवणाची सुट्टीही नाही, आपल्याकडच्यापेक्षा बरं.

चार मजले, सोळाशे घरं, आणि जायचं काही कारण नाही. भाच्याला विचारलं. तो म्हणाला, "पण मग ती पानं कोरी राहतील ना." लिफ्टने पाचवा दाबला.

८ जून : सध्याची स्थिती

पूर्ण : एक, दोन, तीन, चार. तीनवर एक घर प्रश्नचिन्हात आहे, चारही बाजूंनी भिंत, आत कसं जायचं माहीत नाही. कदाचित आत काहीच नसेल.

खर्च आजवर : सीडी १५००, ड्राइव्ह १३००, वह्या दोन ८०, पेन्सिली आणि खोडरबर. खोडरबर चांगलाच घ्या, स्वस्ताने ग्राफच्या छापील रेघाही पुसल्या जातात.

वेताळ तेराव्या पातळीच्या आसपास गेला की मालोर मिळेल. किती घरं पूर्वेला, किती उत्तरेला, किती खाली ते सांगायचं आणि पार्टी तिथे. आकडा चुकून पार्टी दगडात गेली तर सहाच्या सहा संपले, मढी आणायलाही काही उरत नाही. तेव्हा मालोर पहिल्यांदा टाकण्याआधी सगळी पानं पुन्हा तपासणार, जिथे उतरायचं त्या प्रत्येक घरावर स्वतः उभं राहून ड्युमापिक टाकणार आणि आकडा शाईने लिहिणार. पेन्सिलीच्या आकड्यावर उडी नाही.

भाचा पुढच्या आठवड्यात परत जातोय, शाळा सुरू होईल. वहीच्या पानांचे फोटो त्याने घेतलेत. पाचव्याचा ईशान्य कोपरा जुळत नाहीये. एका वाटेने आलं की तिथलं दार पूर्व १६वर येतं, दुसऱ्या वाटेने १७वर. मधे कुठेतरी भोवरा किंवा चोरटा टेलिपोर्ट सुटलाय. तो म्हणतो दुसरी वाट चुकली, मी म्हणतो पहिली. शनिवारी दोन्ही वाटा दर चार पावलांना मंत्र टाकत चालून बघायच्या आहेत.